उत्तीर्ण आणि पात्र : अकरावीच्या विषयनिवडीची रचना

दोन वाचने

बारावीची गुणपत्रिका दोनदा वाचली जाते. पहिल्या वेळी ती राज्य मंडळ वाचते आणि विद्यार्थी उत्तीर्ण आहे की नाही एवढेच सांगते. दुसऱ्या वेळी ती पुढच्या अभ्यासक्रमाची प्रवेश यंत्रणा वाचते आणि त्या अभ्यासक्रमापुरता तो पात्र आहे की नाही हे ठरवते. मंडळाच्या हिशेबात भूगोल आणि जीवशास्त्र सारखेच, प्रत्येकी १०० गुणांचे. वैद्यकीय प्रवेशात मात्र जीवशास्त्र अनिवार्य आणि भूगोलाचा काहीच उपयोग नाही. त्यामुळे ९० टक्के मिळवलेला विद्यार्थीही एखाद्या अभ्यासक्रमासाठी अपात्र ठरू शकतो. ही अपात्रता निकालाच्या दिवशी कळते, पण ती ठरलेली असते दोन वर्षे आधी, अकरावीच्या प्रवेशाच्या वेळी.

उत्तीर्णतेची चौकट

महाराष्ट्र राज्य माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळाच्या बारावीला एकूण ६०० गुण असतात, म्हणजे १०० गुणांचे सहा विषय. इंग्रजी सर्वांना अनिवार्य. दुसरी जागा भाषेची: मराठी, हिंदी, संस्कृत, जर्मन यांपैकी महाविद्यालयात जी शिकवली जात असेल ती. विज्ञान आणि वाणिज्य शाखांतले बरेच विद्यार्थी या जागी माहिती तंत्रज्ञान, म्हणजे बोलीतला ‘आयटी’, हा विषय घेतात. उरलेल्या चार जागा वैकल्पिक विषयांच्या. उत्तीर्ण होण्यासाठी ३५ टक्क्यांची मर्यादा असते. ही चौकट मुद्दाम सैल ठेवलेली आहे, कारण कला, वाणिज्य आणि विज्ञान या तिन्ही शाखांना ती पुरायला हवी. मात्र तिच्या सैलपणामुळेच कोणतेही सहा विषय चालतील असा समज होतो. उत्तीर्ण होण्यापुरता तो बरोबर आहे, प्रवेशापुरता नाही.

शाखा आधी, विषय नंतर

२०२५-२६ पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर केंद्रीय ऑनलाइन पद्धतीने होऊ लागले. त्याआधी ही पद्धत मुंबई, पुणे, नाशिक, नागपूर, अमरावती अशा महानगर क्षेत्रांपुरती होती. अर्जात विद्यार्थी महाविद्यालय आणि शाखा यांचे पसंतीक्रम भरतो. प्रत्यक्ष विषय मात्र प्रवेश निश्चित करताना, महाविद्यालयाच्या खिडकीशी ठरतात. घरातली सगळी चर्चा शाखेवर आणि कट-ऑफवर होते. विषयांचा रकाना शेवटच्या दहा मिनिटांत, पुढे उभ्या असलेल्या मित्राचे पाहून भरला जातो. वास्तविक पुढची पात्रता शाखेच्या नावावर अवलंबून नसते, ती या रकान्यावर अवलंबून असते. एखाद्या कनिष्ठ महाविद्यालयात कोणते वैकल्पिक विषय खरोखर शिकवले जातात, हे पसंतीक्रम भरण्यापूर्वी तपासण्याची गोष्ट आहे. लहान गावांत तर ती अधिकच महत्त्वाची, कारण नियमात असलेल्या विषयाची तुकडी तिथे असेलच असे नाही.

विज्ञान शाखेतील गट

भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र हे विज्ञान शाखेचे दोन समाईक विषय. त्यांना गणित जोडले की पीसीएम, जीवशास्त्र जोडले की पीसीबी, आणि दोन्ही जोडले की पीसीएमबी. पीसीएमबीत वैकल्पिक विषयांच्या चारही जागा भरतात. पीसीएम किंवा पीसीबीत एक जागा मोकळी राहते. तिथे भूगोल, मानसशास्त्र यांसारखा विषय येतो.

यांशिवाय द्विलक्षी विषयांचा, म्हणजे ‘बायफोकल’चा पर्याय आहे. संगणकशास्त्र, इलेक्ट्रॉनिक्स, मत्स्यव्यवसाय यांसारखा व्यावसायिक विषय २०० गुणांचा असतो आणि तो दोन जागा व्यापतो: दुसरी भाषा आणि एक वैकल्पिक विषय. पीसीएमसोबत संगणकशास्त्र घेणाऱ्याच्या गुणपत्रिकेतून मराठी किंवा हिंदी तर जातेच, जीवशास्त्रालाही जागा उरत नाही. अभियांत्रिकीचा निश्चय पक्का असेल तर हा चांगला व्यवहार आहे, कारण त्यात हाताने करायचे काम भरपूर असते. वैद्यकीय शिक्षणाचा विचार मनात अर्धवट का होईना शिल्लक असेल, तर तो नाही.

उलट दिशेने वाचन

विषयांचे नियोजन अभ्यासक्रमाच्या पात्रतेपासून मागे येत करावे लागते. महाराष्ट्रात अभियांत्रिकीच्या पदवीसाठी भौतिकशास्त्र आणि गणित हा पाया आहे. तिसरा विषय रसायनशास्त्र किंवा नियमांत मान्य असलेला दुसरा. या तिन्हींत मिळून खुल्या प्रवर्गाला किमान ४५ टक्के आणि राज्यातील राखीव प्रवर्गांना ४० टक्के लागतात. एमबीबीएससाठी भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी आवश्यक असून विज्ञानाच्या तीन विषयांत मिळून खुल्या प्रवर्गाला ५० टक्के लागतात. औषधनिर्माणशास्त्राची अट मधली आहे. भौतिक आणि रसायन हे दोन हवेत, तिसरा गणित असला तरी चालतो, जीवशास्त्र असला तरी चालतो. राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली येथील चार कृषी विद्यापीठांतल्या पदवीलाही दोन्ही गटांतून जाता येते. वास्तुशास्त्राला भौतिकशास्त्र आणि गणित लागते, शिवाय ‘नाटा’ ही अभिवृत्ती चाचणी.

या अटी शेजारी ठेवल्या की एक नकाशा दिसू लागतो. गणित सोडले की अभियांत्रिकी आणि वास्तुशास्त्र जाते. जीवशास्त्र सोडले की वैद्यकीय शाखा जातात. औषधनिर्माण आणि कृषी मात्र दोन्ही बाबतीत शाबूत राहतात. पंधराव्या-सोळाव्या वर्षी निर्णय झालेला नसणे अगदी स्वाभाविक आहे. अशा विद्यार्थ्यासाठी पीसीएमबी हा निर्णय पुढे ढकलण्याचा प्रामाणिक मार्ग आहे. त्याची किंमत मात्र रोजच्या वेळात मोजावी लागते. चार जड विषय, त्यांची प्रात्यक्षिके आणि दोन प्रवेश परीक्षा सांभाळताना कोणत्याच परीक्षेची तयारी पूर्ण न होण्याचा धोका खरा आहे. अकरावीच्या पहिल्या सत्राअखेर कल स्पष्ट झाला, तर एक विषय सोडण्याची परवानगी महाविद्यालयाकडे वेळेत मागणे शहाणपणाचे ठरते.

पात्रता वेगळी, गुणवत्ता वेगळी

बोर्डाच्या गुणांना आता अर्थ राहिला नाही, असे सर्रास म्हटले जाते. यात दोन गोष्टींची गल्लत आहे. बोर्डाचे गुण उंबरठा ठरवतात, प्रवेश परीक्षेचे गुण रांगेतला क्रमांक ठरवतात. एमएचटी-सीईटीत अभियांत्रिकीच्या गटासाठी भौतिक, रसायन आणि गणित यांचे प्रत्येकी ५० प्रश्न असतात. गणिताच्या प्रश्नाला दोन गुण, बाकीच्यांना एक, असे एकूण २०० गुण. चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत. सुमारे २० टक्के भार अकरावीवर आणि ८० टक्के बारावीवर असतो. म्हणजे ज्या अकरावीला विश्रांतीचे वर्ष समजले जाते, तिचे प्रश्न थेट या परीक्षेत येतात. ‘नीट’ची घडण वेगळी आहे. २०२५ पासून १८० प्रश्न, ७२० गुण, चुकीच्या उत्तराला एक गुण वजा. त्यातले निम्मे प्रश्न जीवशास्त्राचे. ही परीक्षा मराठीतूनही देता येते, आणि मराठी माध्यमातून दहावी झालेल्या मुलांना हे वेळेत सांगितले जायला हवे.

भाषेचे वजन

दुसऱ्या भाषेची जागा बहुधा ‘गुण सहज मिळतात’ या एकाच निकषावर भरली जाते. तिचे प्रवेशातले स्थान क्वचितच तपासले जाते. आयआयटी आणि नागपूरच्या विश्वेश्वरय्या संस्थेसारख्या एनआयटींना जेईईच्या क्रमांकाशिवाय बारावीची अट आहे: खुल्या प्रवर्गाला ७५ टक्के किंवा आपल्या मंडळातल्या पहिल्या २० पर्सेंटाइलमध्ये स्थान. आयआयटीसाठी ही बेरीज पाच विषयांची होते, आणि त्यांत भौतिक, रसायन, गणित यांच्यासोबत एक भाषा आणि आणखी एक विषय धरला जातो. म्हणून दोन वर्षे फक्त तीन विषयांचाच विचार करणारा विद्यार्थी, जेईईत चांगला क्रमांक येऊनही, या बेरजेत अडखळू शकतो. भाषेचे खरे मोल अर्थातच गुणांपलीकडचे आहे. शास्त्र वाचायचे असते तेही भाषेतूनच, आणि इंग्रजीचा पाठ्यक्रम परीक्षेच्या आदल्या आठवड्यात वाचण्याची सवय पुढच्या चार वर्षांत फार महाग पडते.

वाणिज्य शाखेतील एक जागा

वाणिज्य शाखेत अर्थशास्त्र, पुस्तपालन व लेखाकर्म आणि वाणिज्य संघटन व व्यवस्थापन हे विषय जवळजवळ ठरलेले असतात. खरी निवड उरते ती चौथ्या जागी: गणित व संख्याशास्त्र की चिटणिसाची कार्यपद्धती, म्हणजे ‘मॅथ्स की एसपी’. दहावीत गणिताने घाबरवलेली मुले एसपीकडे वळतात. एसपी हा कंपनी कायद्याची आणि भांडवल उभारणीची तोंडओळख करून देणारा उपयुक्त विषय आहे, आणि बी.कॉम.ला त्याने काही बिघडत नाही. मात्र सनदी लेखापालाच्या फाउंडेशन परीक्षेत १०० गुणांची स्वतंत्र प्रश्नपत्रिका गणित, तर्क आणि संख्याशास्त्राची आहे. अर्थशास्त्राच्या उच्च शिक्षणात तर गणित सतत लागते. दिल्ली विद्यापीठाच्या अर्थशास्त्र ऑनर्ससाठी सीयूईटीत गणित द्यावे लागते, आणि कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेच्या बी.स्टॅट.ला बारावीचे गणित अनिवार्य आहे. माझ्या मते वाणिज्य शाखेतला हा एकच निर्णय घरी बसून शांतपणे घेण्याच्या योग्यतेचा आहे.

कला शाखेचा विस्तार

कला शाखेला कमी दारे आहेत, हा समज अर्धाच खरा आहे. पाच वर्षांच्या विधी पदवीला कोणत्याही शाखेची बारावी चालते. खुल्या प्रवर्गाला ४५ टक्के लागतात. लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षांना पदवी हवी असते, बारावीचे विषय कोणी विचारत नाही. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत लष्करी विभागासाठी कोणतीही शाखा चालते, वायुदल आणि नौदलासाठी मात्र भौतिक, रसायन आणि गणित लागते. पण तिथेही एक जोड लक्षात घ्यावी लागते: लेखी परीक्षेत ३०० गुणांची गणिताची प्रश्नपत्रिका सर्वांनाच असते. कला शाखेत गणित घेण्याची मुभा नियमात आहे, पण ते शिकवणारी महाविद्यालये थोडी. इतिहास किंवा अर्थशास्त्रासोबत गणित शिकू इच्छिणाऱ्या मुलीला ‘मग विज्ञानालाच जा’ असे सुचवले जाते, आणि एक चांगला संयोग तिथेच संपतो. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये शाखांमधील कठोर भिंती काढण्याची भूमिका घेतली आहे. ती भूमिका वेळापत्रकात आणि शिक्षकांच्या नेमणुकांत उतरल्याशिवाय ही मुलगी तिच्या गावात तरी तसे शिकू शकणार नाही.

शिक्षण कुठे झाले याची अट

विषयांइतकीच निर्णायक असलेली एक अट विषयांच्या यादीत दिसत नाही. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांतल्या १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्यात आणि ८५ टक्के राज्याच्या कोट्यात जातात. महाराष्ट्राच्या कोट्यासाठी अधिवासासोबत दहावी आणि बारावी या दोन्ही परीक्षा राज्यातील संस्थेतून उत्तीर्ण असाव्या लागतात. काही प्रवर्गांना अपवाद आहेत, पण सर्वसाधारण नियम हा. अकरावी-बारावी कोटा शहरात किंवा हैदराबादला करण्याचा बेत आखणाऱ्या घरात शिकवणीच्या शुल्काची चर्चा होते, वसतिगृहाची होते. त्या दोन वर्षांनी राज्याच्या ८५ टक्के जागांवरचा हक्क जाऊ शकतो, ही चर्चा त्याआधी व्हायला हवी. मंडळ कोणते, राज्य मंडळ की सीबीएसई, याला इथे महत्त्व नाही. शाळा कोठे आहे याला आहे.

दुरुस्तीचे मार्ग

चुकलेली निवड सुधारता येते, पण सगळ्या दिशांनी सारख्या सोयीने नाही. विज्ञानाची बारावी करून बी.ए. किंवा विधी शाखेला जाता येते. कला किंवा वाणिज्याच्या बारावीवरून अभियांत्रिकीला सरळ रस्ता नाही. गुण कमी पडले असतील तर श्रेणीसुधार योजनेत पुन्हा परीक्षा देता येते. विषयच राहिला असेल तर राज्य मंडळात ‘तुरळक विषय’ म्हणून नोंदणीची सोय आहे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने नोव्हेंबर २०२३ मध्ये बारावीनंतर अतिरिक्त विषय म्हणून उत्तीर्ण केलेले जीवशास्त्र ग्राह्य धरले, त्यामुळे पीसीएमच्या विद्यार्थ्यालाही ‘नीट’ देणे शक्य झाले. दहावीनंतर तंत्रनिकेतनाची तीन वर्षांची पदविका करून अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाणारा मार्ग तर बारावीलाच वळसा घालतो, आणि ज्याला यंत्रांत रस आहे पण गठ्ठ्याने पाठांतर जमत नाही अशा मुलासाठी तो कमीपणाचा अजिबात नाही. तुरळक विषयाच्या परीक्षेला बसायचे तर मंडळाचे अर्ज भरण्याचे वेळापत्रक, प्रात्यक्षिकांसाठी प्रयोगशाळा देणारे कनिष्ठ महाविद्यालय आणि प्रवेश परीक्षेची तारीख या तिन्हींचा मेळ बसवावा लागतो. बहुतेकांचे त्यात एक पूर्ण वर्ष जाते.