नक्षी आणा, कापड नको

मी कवी माणूस, शिक्षण बी.ए. मला संगणकावर बोलायला का बोलावलं, असं तुम्हाला वाटेल. कारण 2025च्या दिवाळीनंतर मी माझा संगणक स्वतःच्या हातानं बिघडवला.

त्यावर 'डेबियन' नावाची मोफत प्रणाली आहे. जगभरातले स्वयंसेवक 1993पासून ती जपत आले आहेत. साधारण दर दोन वर्षांनी तिची नवी स्थिर आवृत्ती निघते. मधल्या काळात तिच्यातले प्रोग्राम सहसा बदलत नाहीत. दोष दुरुस्त करतात, सुरक्षेच्या फटी बुजवतात, एवढंच. माझ्याकडे जून 2023मधली बारावी आवृत्ती. काल होता तसाच संगणक आज भेटतो, हे माझ्यासारख्याला फार बरं. पण नाशिकच्या एका मित्रानं पाठवलेली फाईल माझ्या जुन्या प्रोग्राममध्ये नीट उघडेना.

ऑगस्ट 2025मध्ये तेरावी आवृत्ती आली होती. तिच्यातला तयार प्रोग्राम मी उचलून आणला. तो बसेना, त्याला 'जीलिबसी' नवी हवी होती. ही जीलिबसी म्हणजे प्रणालीतल्या जवळजवळ सगळ्या प्रोग्रामांचं जोतं. बाराव्या आवृत्तीत ती 2.36 आहे, तेराव्यात 2.41. मी हट्टानं तीही अर्धीमुर्धी कोंबली. दुसऱ्या दिवशी संगणक उठलाच नाही. कविता पेनड्राइव्हवर होत्या, शेवटच्या अकरा सोडून.

भाचा पुण्याहून आला. त्यानं आधी त्या अकरा बाहेर काढल्या (त्यातल्या दोन गेल्या असत्या तरी चाललं असतं), मग बारावी आवृत्ती पुन्हा बसवली. म्हणाला, "मामू, तुम्ही येवल्याचे ना? दुसऱ्याच्या मागावरचं अर्धं विणलेलं कापड कापून आपल्या मागावर लावता येतं का?"

आमच्या अब्बांचा माग होता. मी गप्प बसलो. फणी वेगळी, ताण्याचे धागे वेगळे. ते कापड बसणार कसं? नक्षी मात्र आणता येते. ती आपल्या ताण्यावर पुन्हा विणायची.

प्रोग्रामची नक्षी म्हणजे त्याचा मूळ स्रोत, माणसानं लिहिलेला, वाचता येणारा. डेबियन तो सगळ्यांना खुला ठेवते. सोबत तो कसा बांधायचा आणि त्याला काय काय लागतं याची यादीही देते. भाच्यानं नव्या प्रोग्रामचा स्रोत आणला, यादीतली हत्यारं बाराव्या आवृत्तीतूनच घेतली आणि बांधणी सुरू केली. संगणकाचा पंखा पिठाच्या गिरणीसारखा ओरडत होता. एका ठिकाणी काम अडलं: यादीत एक जोडभाग नव्या क्रमांकाचा मागितला होता. जुन्यावर चालतंय का, हे त्यानं तपासलं, चाललं. चाललं नसतं तर तो भागही असाच बांधावा लागला असता, आणि त्याच्या मागे कदाचित आणखी एक. ही साखळी लांबली, की नाद सोडून द्यावा, असं तो म्हणाला.

याला बॅकपोर्ट म्हणतात. निवडक प्रोग्रामांचे असे बॅकपोर्ट स्वयंसेवक करून ठेवतात. 2010पासून ती डेबियनची अधिकृत सेवा आहे. आपण मागितल्याशिवाय ते आपल्या संगणकात येत नाहीत. भाच्यानं आधी तिथेच शोधलं होतं. मला हवा तो प्रोग्राम नव्हता. त्यांच्या क्रमांकाच्या शेपटीला '~' अशी एक लाट असते. तिच्यामुळे हा क्रमांक मूळ नव्या क्रमांकापेक्षा किंचित कमी धरला जातो. उद्या मी तेराव्या आवृत्तीवर गेलो, की तिथला खरा प्रोग्राम आपोआप याची जागा घेईल. पाहुण्यानं येतानाच परतीचं तिकीट काढावं, तसं. भाच्यानं आपल्या बांधणीलाही ती लाट लावली.

निघताना मात्र त्यानं बजावलं. बारावीतल्या इतर प्रोग्रामांत सुरक्षेची फट सापडली, तर डेबियनची माणसं ती बुजवून पाठवतात. हा एक प्रोग्राम आपण घरी बांधलाय; त्याची फट कळली, तरी दुरुस्ती घरी चालून येणार नाही. पुन्हा नवा स्रोत आणायचा, पुन्हा बांधायचा. म्हणून भिंतीवरच्या दिनदर्शिकेत दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मी त्या प्रोग्रामचं नाव लिहिलं आहे, गॅसच्या नंबराखाली.