राणीची दया आणि येरळेचे पाणी

अद्भुतरम्य कादंबरीत एक राणी वारंवार भेटते. नाव बदलते, राज्य बदलते, राणी तीच. कुणा दुष्टाने तिचे राज्य उजाड केलेले असते. नद्या आटलेल्या, रान करपलेले, रयत देशोधडीला लागलेली. मग ती गादीवर येते. रयतेचे हाल पाहून तिला रडू कोसळते, ती कोठारे उघडते, विहिरी आणि तळी दुरुस्त करवते, आणि शेवटच्या प्रकरणापर्यंत मुलूख हिरवागार होतो. इंग्रजीतून येणाऱ्या जाडजूड कादंबऱ्यांत ही गोष्ट जादू आणि चेटूक घेऊन येते. आमच्या आज्या सांगत त्या कहाण्यांत ती जादूशिवायही येत असे.

मला या गोष्टीचा तिटकारा नाही. ज्यांच्या वाट्याला जळजळीत वास्तव आले त्यांनी फक्त वास्तवच लिहावे, स्वप्नाला हात लावू नये, असा दंडक घालणारे समीक्षक मला नेहमीच पोट भरलेले वाटत आले आहेत. परंतु गोष्ट आवडते म्हणून ती कशी चालते हे उकलून पाहू नये असे थोडेच आहे? या गोष्टीत मुलूख दुरुस्त होतो तो राणीच्या मनात दया उपजल्यामुळे. तळे राणी 'खोदते'. कुदळ कुणाच्या हातात होती, पाट्या कुणाच्या डोक्यावर होत्या, आणि तळे भरल्यावर त्यातले पाणी कोणाला पिऊ दिले, याचा कादंबरीत उल्लेख नसतो. आणि उद्या राणीची मर्जी फिरली तर? त्याचेही उत्तर नसते, कारण कादंबरी तिथे संपलेली असते.

मराठी कादंबरीचा जन्मच या दोन वाटांच्या फाट्यावर झाला. बाबा पदमनजींनी १८५७ साली 'यमुनापर्यटन' लिहून विधवांचे दुःख मांडले. पण वाचकांनी उचलून धरली ती १८६१ची लक्ष्मणशास्त्री हळब्यांची 'मुक्तामाला' आणि १८६८ची रिसबुडांची 'मंजुघोषा'. राजपुत्र, राजकन्या, वियोग, चमत्कार, अखेर मीलन, हा तो मार्ग. त्याच सुमारास एक खरीखुरी 'दयाळू राणी' हिंदुस्थानच्या कथेत शिरली होती, ही गोष्ट वाङ्मयाच्या इतिहासकारांनी फारशी मनावर घेतलेली दिसत नाही.

१ नोव्हेंबर १८५८ रोजी व्हिक्टोरिया राणीचा जाहीरनामा गावोगाव वाचला गेला. कंपनी गेली, राणीसरकार आले. बंडाने मोडलेला देश आता मायेने पुन्हा उभा करायचा होता. हा जाहीरनामा नीट वाचावा असा आहे. रयतेच्या कल्याणाचे आश्वासन त्यात आहे, धर्मावरून कुणाला त्रास होणार नाही असे आहे, लायक माणसाला सरकारी नोकरी मिळेल असेही आहे. आणि त्याच कागदात, त्याच प्रेमळ सुरात, हिंदुस्थानातील प्राचीन हक्क, रूढी आणि चालीरीती यांचा योग्य तो मान राखला जाईल, असेही वचन आहे. राणीची दया आणि गावाची रूढी एकाच सहीने मंजूर झाल्या.

याचा अर्थ सातारा जिल्ह्याला लवकरच कळला. (आजचा सांगली जिल्ह्याचा मोठा भाग तेव्हा साताऱ्यातच होता. १९४९ साली दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० साली त्याचे नाव सांगली पडले.) माण, खटाव, खानापूर, आटपाडी हा सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला प्रदेश. महाबळेश्वरावर कोसळणारा पाऊस इथे पोहोचेपर्यंत रिकामा झालेला असतो. १८७६ साली त्याने दगा दिला. १ जानेवारी १८७७ रोजी दिल्लीला दरबार भरवून राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी जाहीर केले गेले, तेव्हा दख्खनची रयत दुष्काळी कामांवर खडी फोडत होती. त्याच महिन्यात सर रिचर्ड टेंपल या अधिकाऱ्याने मजुरी छाटली: दिवसभर राबणाऱ्या माणसाला एक पौंड, म्हणजे अर्ध्या किलोहून कमी धान्य आणि वर किरकोळ पैसा. मुंबई इलाख्यातल्या हजारो मजुरांनी कामे सोडून दिली. उपाशी माणसांचा हा संप होता. तो कुठल्या कादंबरीत आला असल्याचे माझ्या वाचनात नाही. माणदेशातला म्हसवडचा, म्हणजे राजेवाडीचा तलाव हे त्याच दुष्काळातले काम. तलाव चांगला आहे, अजून उपयोगी पडतो. लोक त्याला 'ब्रिटिशांनी बांधलेला' म्हणतात.

पुढचा प्रसंग पंचवीस वर्षांनंतरचा. १८९६ पासून पुन्हा दुष्काळांची रांग लागली. खटाव तालुक्यातील गोरेगावला उपासमारीने मरणाऱ्या लोकांना काम देण्यासाठी सरकारने तलाव खोदायला काढला. तिथे खजिनदार म्हणून नेमलेले गृहस्थ राणीच्या फौजेतून निवृत्त झालेले सुभेदार रामजी सकपाळ. राणी जानेवारी १९०१ मध्ये वारली. त्याच वर्षी रामजींची मुले सुट्टीत वडिलांना भेटायला साताऱ्याहून निघाली, नवे कपडे घालून, आगगाडीत बसण्याच्या आनंदात. त्यातला धाकटा भीमराव. मसूर स्टेशनवर न्यायला कुणी आले नव्हते. स्टेशनमास्तरने जात विचारली, मुलांनी सांगितली, आणि तो तिथून निघून गेला. गाडीवान मिळाला तो दुप्पट भाड्याने आणि या अटीवर की बैल मुलांनी हाकायचे, तो बाजूने चालणार. त्यांच्याबरोबर गाडीत बसून त्याला विटाळ नको होता. शिदोरी भरपूर होती. पाणी नव्हते. वाटेत जे होते ते शेणामुताने गढूळ झालेले. टोलनाक्यावर, मुसलमान असल्याचे सांगूनही, घोटभर पाणी मिळाले नाही. रात्र तशीच गेली, आणि भरल्या डब्यावर मुले उपाशी निजली, कारण पाण्याशिवाय घास उतरत नाही. बाबासाहेबांनी हे पुढे स्वतः लिहून ठेवले.

मला इथे एकच गोष्ट दाखवायची आहे. ही मुले जात होती ती तळे खोदले जात होते तिथे. दुष्काळावरचा इलाज म्हणून, सरकारच्या दयाबुद्धीतून, पाणी साठवण्याचे काम चालू होते, आणि त्या कामाचा हिशेब ठेवणाऱ्याची मुले त्याच रस्त्यावर तहानेने व्याकूळ होती. यात राणीच्या दयेत खोट होती असे म्हणणे सोपे आहे, पण चूक आहे. दया पूर्ण होती. १८५८च्या कागदाप्रमाणेच सारे घडले: तळेही आले, रूढीचा मानही राखला गेला. गाडीवान रूढी पाळत होता.

आपल्या देशी राण्यांविषयी हेच म्हणावे लागते, जरा हळू आवाजात. अहिल्याबाई होळकरांनी (कारकीर्द १७६७ ते १७९५) विहिरी, घाट, धर्मशाळा बांधल्या, देशभर. त्या कर्तबगार बाईंविषयी मला आदरच आहे. धनगराच्या घरातल्या मुलीने ते राज्य चालवले हे लहान काम नव्हे. पण घाट बांधून घेणारा हात कितीही मायाळू असला तरी घाटावर कोण उतरेल हे घाट ठरवत नाही. ते ठरवायला १९२३चा बोले ठराव लागला, आणि तोही कागदावर राहिला म्हणून २० मार्च १९२७ला महाडला जावे लागले.

मग आपल्याजवळ दुसरी गोष्ट आहे काय? आहे, आणि तिची मुळे येरळेच्याच खोऱ्यात सापडतात. येरळा खटाव तालुक्यात उगम पावते, खानापूरकडून खाली येते आणि ब्रह्मनाळजवळ कृष्णेला मिळते. तिच्या वरच्या अंगाला कटगुण आहे. जोतीराव फुल्यांचे मूळ गाव ते. पाडव्याला ओवाळताना आपल्या बाया 'इडा पिडा टळो, बळीचे राज्य येवो' म्हणत, आणि भटजी त्याच बळीला पाताळात घातल्याची कथा सांगत. जोतीरावांनी १८७३च्या 'गुलामगिरी'त बायांचा शब्द खरा मानला. बळी हा लोककल्याणकारी राजा, खंडोबा, जोतिबा, भैरोबा हे त्याचे अधिकारी, आणि म्हसोबा म्हणजे त्याचा महासुभा, असा अर्थ त्यांनी लावला. पुराणाचे त्यांनी कारभाराचे दप्तर करून टाकले! अद्भुतकथेतल्या चांगल्या राज्याला मुलकी खाते असते, वसूल असतो, वाटप असते, हे सांगणारा हा मराठीतला पहिला माणूस. तेच जोतीराव १८८८ साली पुण्यात राणीच्या मुलाच्या, ड्यूक ऑफ कॅनॉटच्या, सत्कार-मेजवानीला शेतकऱ्याच्या फाटक्या वेशात गेले आणि खरा हिंदुस्थान खेड्यात जाऊन पाहा, आपल्या आईला त्याची हकिकत सांगा, असे त्यांनी सुनावले. राणीवर त्यांचा अजून थोडा विश्वास होता हे यात दिसते. तो होता. दुसऱ्या कुणावर ठेवायचा, हाही प्रश्न होताच.

राणीच हवी असेल तर एक आहे. शरद पाटील यांनी 'दास-शूद्रांची गुलामगिरी'त (१९८२) निर्ऋतीचा शोध घेतला. ब्राह्मणी परंपरेने जिला अवदसा ठरवले ती त्यांच्या मते मातृसत्ताक गणाची राज्ञी होती, आणि तिचे काम गणाच्या जमिनीचे फाशांनी वाटप करणे हे होते. इतिहास म्हणून याला किती पुरावा आहे यावर वाद आहे आणि तो व्हावा. पण वाङ्मयाच्या दृष्टीने फरक मोठा आहे. फाशांनी वाटणारी राणी कुणावर दया करत नाही. फासा पडला की जमीन तुझी. हात जोडायचे कारण उरत नाही.

अण्णा भाऊ साठ्यांनी तर राणीची वाटच पाहिली नाही. वाटेगावचा हा माणूस. २ मार्च १९५८च्या दलित साहित्य संमेलनात त्यांनी पृथ्वी शेषाच्या मस्तकावर नसून राबणाऱ्यांच्या तळहातावर तरली आहे असे बजावले, आणि पुढच्याच वर्षी 'फकिरा' आली. तिच्यातही दुष्काळ आहे, पण कोठार दया येऊन उघडत नाही; फकिरा ते फोडतो आणि गाव जगवतो. 'फकिरा' वास्तववादी आहे की अद्भुतरम्य, यावर चर्चा करणाऱ्यांनी हा फरक आधी पाहावा.

कोठार फोडून एक दुष्काळ निघतो. मुलूख दुरुस्त करायचा तर रोजचा कारभार लागतो, आणि इथे कादंबरीपेक्षा आमचे दोन जिल्हे पुढे गेले. १९७२च्या दुष्काळात पुन्हा खडी फोडली गेली. पण तासगाव तालुक्यातल्या विसापूरचे वि. स. पागे यांनी आपल्या भागात आधीच ज्या कल्पनेचा प्रयोग केला होता, तिचा १९७७ साली रोजगार हमीचा कायदा झाला. काम मागणे हा हक्क ठरला. खडी तीच, हातोडा तोच, तरी टेंपलच्या मजुरीत आणि या मजुरीत कायद्याच्या एका कलमाएवढे अंतर पडले.

ऐंशीच्या दशकात खानापूर तालुक्यात मुक्ती संघर्ष चळवळीने त्यापुढचा प्रश्न विचारला: दरवर्षी खडीच का फोडायची? दुष्काळ हटेल असे काम का नाही? त्या चळवळीत १९८२च्या गिरणी संपामुळे गावी परतलेले कामगार होते, शेतकरी होते, शेतमजूर होते, भारत पाटणकरांसारखे कार्यकर्ते होते. येरळेच्या कोरड्या पात्रातली वाळू ठेकेदार ट्रकांनी नेत होते. वाळू गेली की पात्रात पाणी मुरून राहत नाही आणि काठच्या विहिरी बसतात, हे लोकांनी अभ्यासाने आणि अनुभवाने जाणले. ठेकेदारांना त्यांनी अडवले. मग बलवडी आणि तांदुळवाडी या दोन गावांनी ठरवले की त्याच वाळूतली थोडी, मोजून, आपणच विकायची आणि त्या पैशात श्रमदानाची भर घालून येरळेवर आपले धरण बांधायचे. सरकारशी परवानगीसाठी झगडून ते बांधले गेले. नाव ठेवले बळीराजा स्मृती धरण.

मला या नावात गंमत वाटते. ज्याच्या राज्याची वाट पिढ्यान् पिढ्या पाहिली, त्या राजाचे लोकांनी 'स्मृती' धरण केले. म्हणजे तो परत येणार नाही हे मान्य करून टाकले.

पण आपल्या दृष्टीने खरी गोष्ट धरणाच्या भिंतीत नाही, पाण्याच्या हिशेबात आहे. आपल्याकडे पाणी जमिनीला मिळते. ज्याची जमीन मोठी त्याचे पाणी मोठे, आणि ज्याला जमीन नाही त्याला कालवा नुसता पाहायला मिळतो. महार वतनाची तुकड्यांत उरलेली जमीन, मातंगांना तीही नाही. या समाजांना सहकारी पाटबंधाऱ्यांनी आणि साखर कारखान्यांनी काय दिले ते कृष्णाकाठी फिरून कुणीही पाहावे. बलवडीच्या योजनेत पाणी जमिनीपासून सोडवले गेले. वाटा कुटुंबागणिक, सारखा, भूमिहीन कुटुंबालाही. ऊस लावायचा नाही, कारण उसाने चार घरांत सगळे पाणी प्यायले असते. पुरंदरला विलासराव साळुंखे यांच्या पाणी पंचायतीने हीच दिशा आधी घेतली होती. पुढे १९९३ पासून आटपाडीच्या पाणी परिषदांत समन्यायी पाणीवाटपाची मागणी तेरा दुष्काळी तालुक्यांची झाली, आणि नागनाथअण्णा नायकवडींसारखी प्रतिसरकारातली माणसे तिच्या पाठीशी उभी राहिली. साताऱ्यातल्या टेंभू गावाजवळून उचललेले कृष्णेचे पाणी आज आटपाडीपर्यंत चढले आहे. ते पाइपातून, मोजून, कुटुंबागणिक कसे द्यायचे हा तिथल्या चळवळीचा पुढचा झगडा.

यात जात मिटली असे मी म्हणत नाही. पाळी धरणाऱ्या समितीत कोण बसतो, कोपऱ्यातल्या वस्तीपर्यंत पाइप शेवटी का जातो, हे प्रश्न प्रत्येक गावात विचारावे लागतात. पण विचारता येतात. दयेकडे असे प्रश्न विचारता येत नाहीत. तिथे विचारणारा कृतघ्न ठरतो.

आमच्यातल्या कुणी तरुणाने अद्भुतरम्य कादंबरी लिहायला घेतली तर मला आनंदच होईल. राणी असू दे, उजाड मुलूख असू दे, वाटल्यास नदी बोलू दे. फक्त तळ्याच्या प्रकरणात हजेरीपट असावा आणि धरण भरल्यानंतरचे एक प्रकरण जास्त असावे. त्या प्रकरणात जमीन नसलेली बाई आपल्या वाट्याचे पाणी घेऊन पाणी नसलेल्या जमीनवाल्याकडे जाते. वावर तुझे, पाणी माझे, पीक अर्धे अर्धे. तो म्हणतो, अर्धे जास्त होते. ती म्हणते, मग पलीकडच्या शिवारात विचारते.