शिव-पार्वतीचा सारीपाट

शिव-पार्वतीचा सारीपाट ही पुराणे व मराठी आख्यानकाव्य यांतील एक विनोदी प्रणयकथा आहे. कैलासावर पतिपत्नी प्रतिस्पर्धी म्हणून खेळायला बसतात. शिव सर्वस्व हरून वनात निघून जातो आणि विजयी पार्वती भिल्लिणीच्या रूपात त्याला पुन्हा मिळवते, असे तिचे सूत्र आहे. ही कथा स्कंदपुराणाच्या माहेश्वरखंडातील केदारखंडात येते.

खेळ
सारीपाट चार भुजांच्या पटावर फासे व सोंगट्यांनी खेळला जातो. प्रत्येक भुजेत आठ घरांच्या तीन ओळी, म्हणजे पटावर एकूण 96 घरे असतात. मारलेल्या सोंगटीला पुन्हा आरंभापासून प्रवास करावा लागतो. दान नशिबाने पडते, मात्र सोंगटी कोणती हलवायची हे खेळाडू ठरवतो. त्यामुळे हरणाऱ्याला दैवाकडे बोट दाखवता येते आणि जिंकणाऱ्याला कौशल्याचा अभिमान मिरवता येतो.

कथानक
केदारखंडातील कथेत नारदाच्या उपस्थितीत डाव रंगतो. कोण जिंकले यावरून वाद होतो. भृंगी हा गण शिवाची बाजू घेतो आणि पार्वतीच्या शापाला पात्र ठरतो. पार्वती पणाला लागलेले अलंकार, चंद्रकोर आणि अखेरीस कौपीनही काढून घेते. अपमानित शिव एकटाच वनात जातो. कैलास जिंकलेल्या पार्वतीला मात्र तेथे करमत नाही. ती शबरीचे रूप घेऊन वनात जाते. शिव तिला न ओळखता लग्नाची मागणी घालतो, तेव्हा तपाने मिळवलेल्या पत्नीला त्याने टाकल्याची आठवण ती करून देते.

कथेतील विनोद जगन्नियंत्या देवाच्या या फजितीतून निर्माण होतो. तिच्या गाभ्याशी मात्र गंभीर प्रश्न आहे : प्रतिस्पर्धीच निघून गेल्यावर विजयाचे मोल काय? पटावर जिंकलेल्या पार्वतीलाही अखेर आपले राणीपण बाजूला ठेवावे लागते.

मराठी साहित्यात
श्रीधरस्वामी नाझरेकर (1658–1729) यांनी शके 1640 मध्ये (इ.स. 1718) बारामती येथे पूर्ण केलेल्या ‘शिवलीलामृत’ या ओवीबद्ध ग्रंथाच्या चौदाव्या अध्यायात ही कथा आहे. श्रावणात, विशेषतः सोमवारी, आणि महाशिवरात्रीला या ग्रंथाचे पारायण होत असल्याने ती घरोघरी परिचित झाली.

शिल्पांत
वेरूळच्या 14, 21 व 29 क्रमांकांच्या लेण्यांत या खेळाची शिल्पे आहेत. रायगड जिल्ह्यातील घारापुरी लेण्यात शिव-पार्वती कैलासावर बसलेले दाखवणारे शिल्प असून, त्यातील तोंड फिरवलेली पार्वती द्यूतामुळे रुसली आहे, असा अर्थ काही अभ्यासक लावतात.

परंपरा व अभ्यास
कार्तिक शुद्ध प्रतिपदेला, म्हणजे बलिप्रतिपदेला, ‘द्यूतप्रतिपदा’ असेही म्हणतात. या दिवशी शंकर पार्वतीकडून हरला, अशी कथा धर्मशास्त्रग्रंथ देतात. त्या दिवशी जिंकणाऱ्याला वर्ष चांगले जाते, अशी समजूत आहे. डॉन हँडलमन व डेव्हिड शुलमन यांनी ‘गॉड इनसाइड आउट’ (1997) या ग्रंथात या द्यूतकथेचा सविस्तर अभ्यास केला आहे.