उपासाने झटपट वजन उतरवताना

पहिल्या आठवड्यात काट्यावर दिसणारी घट बरीचशी पाण्याची असते. यकृतात आणि स्नायूंत साठवलेले ग्लायकोजेन आधी संपते. त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे 3 ग्रॅम पाणी जाते. पुढे चरबी जळते खरी, पण स्नायूही झिजतात. खाणे पूर्ववत झाले की चरबी परतते, स्नायू तितक्या सहज भरून येत नाहीत.

पित्ताशयाचा विचार तर कोणाच्या ध्यानीमनीही नसतो. आठवड्याला दीड किलोहून अधिक वजन उतरू लागले, की यकृत पित्तात जादा कोलेस्टेरॉल सोडते. उपाशीपोटी पित्ताशय नीट रिकामे होत नाही आणि खडे धरतात. केस मात्र दोन-तीन महिन्यांनी गळू लागतात; तेव्हा दोष शाम्पूला!

सर्वांत नाजूक वेळ उपास सोडण्याची. अनेक दिवसांच्या कडक लंघनानंतर एकदम पोटभर जेवले, की इन्सुलिन वाढते, रक्तातले फॉस्फेट, पोटॅशियम आणि मॅग्नेशियम पेशींत ओढले जाते आणि हृदयाचे ठोके बिघडू शकतात. दुसऱ्या महायुद्धातल्या उपासमार झालेल्या कैद्यांत हे दिसून आले. (खिचडी-वऱ्याच्या एकादशीला हा धोका नाही, तिथे वजनही उतरत नाही.)

इन्सुलिन किंवा मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी आणि गर्भवतींनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय लंघन करू नये. इतरांना आठवड्याला अर्धा ते एक किलो पुरे. चक्कर, धडधड किंवा उजव्या बरगडीखाली कळ आली, तर उपास तिथेच थांबवून दवाखाना गाठा.