थेरपिस्टने स्वतःचं किती सांगावं?

मनोविश्लेषकाने रुग्णापुढे आरसा व्हावं, स्वतःचं काही दिसू देऊ नये, असं फ्रॉइडने १९१२ मध्ये लिहून ठेवलं. त्याने स्वतः हे पथ्य फारसं पाळलं नाही. भुकेल्या रुग्णाला जेवू घातल्याची नोंद त्याच्याच टिपणांत सापडते.

हे पथ्य सगळ्यांत धिटाईने मोडलं त्याच्या जिवलग सहकाऱ्याने, बुडापेस्टच्या शांडोर फेरेन्त्सीने. त्याच्याकडे एलिझाबेथ सेव्हर्न ही अमेरिकन बाई अनेक वर्षं उपचार घेत होती. ती स्वतःही मानसोपचार करायची. तुमच्या मनात माझ्याविषयी अढी आहे आणि माझं घोडं तिथेच अडलंय, असं ती म्हणू लागली. तेव्हा आता मीच तुमचं विश्लेषण करते! फेरेन्त्सीने बरेच दिवस टाळलं, मग तो तयार झाला. त्याच्या १९३२ च्या रोजनिशीत हे सारं आहे. सेव्हर्नबाई आपल्याला आवडत नाहीत हे त्याने तिच्या तोंडावर कबूल केलं. त्या रागाची मुळं शोधताना त्याची आई समोर आली. नवल म्हणजे सेव्हर्न उलट शांत झाली. आपल्याला जाणवत होतं ते खोटं नव्हतं, याची तिला पावती मिळाली.

पण मनात येईल ते सगळं बोलायचं, तर इतर रुग्णांची गुपितंही बाहेर पडणार. ही अडचण फेरेन्त्सीलाच खुपली. शिवाय उपचार नक्की कोणावर चाललेत? १९३३ मध्ये तो वारला. रोजनिशी छापून यायला १९८५ उजाडलं.

आज बहुतेक थेरपिस्ट मधली वाट धरतात. ‘तुमचं ऐकताना मलाही भरून आलं’ म्हटल्याने क्लायंटचं बोलणं पुढे सरकतं; आपल्या घटस्फोटाची कहाणी ऐकवली, तर त्यालाच सांत्वन करत बसावं लागतं. ‘मुलं किती तुम्हाला?’ असं मात्र आपल्याकडे पहिल्याच भेटीत विचारतात. त्यावर तोंड मिटून बसणं मला तरी तुसडेपणाचं वाटतं.

क्लायंटला सांगता न येणारा राग, कंटाळा, ओढ थेरपिस्टने सुपरव्हायजरकडे, म्हणजे आपल्या कामावर देखरेख करणाऱ्या अनुभवी थेरपिस्टकडे न्यावी, अशी व्यवस्था आहे. कागदावर ती चोख आहे. निकोलस लडानी आणि सहकाऱ्यांच्या १९९६ च्या अमेरिकन अभ्यासात जवळपास सगळ्याच शिकाऊ थेरपिस्टांनी सुपरव्हायजरपासून काही ना काही लपवलं होतं, आणि त्यात सर्वाधिक होती त्याच सुपरव्हायजरबद्दलची नाराजी. शेरा ज्याच्या हातात, त्याच्यापुढे मन कोण मोकळं करणार? सुरुवात वरच्यानेच करावी लागते. जे सुपरव्हायजर स्वतःविषयी अधिक बोलतात त्यांच्याशी शिकाऊंचं नातं जास्त घट्ट असतं, असं लडानींच्याच १९९९ च्या अभ्यासात दिसलं. अर्थात, तासभर साहेबांच्याच आठवणी ऐकायची पाळी तिथेही येऊ शकते.