रॉड चिकटतोय? मशीन उघडण्याआधी वायर बघा

जुलैत मूल, सिंदेवाही, ब्रह्मपुरी, आरमोरी या पट्ट्यात रोवणी सुरू झाली की वेल्डिंगवाल्याला जेवायला फुरसत नसते. चिखलणीत ट्रॅक्टरच्या केजव्हीलची पाती तुटतात, ट्रॉलीचा हूक निघतो. बांधीत पाणी धरलेलं, पऱ्हे तयार, मजूर ठरलेले, आणि नेमका त्याच संध्याकाळी रॉड चिकटायला लागतो. ठिणगी पडते, विझते, रॉड लोखंडाला चिकटून लाल होतो. ‘मशीन गेली जी,’ असा निकाल पाच मिनिटांत लागतो आणि सकाळी मशीन चंद्रपूर नाहीतर नागपूरच्या वाटेला लागते. दुकानात ती झकास चालते. पंखा साफ होतो, पैसे दिले जातात, मशीन गावी येते आणि रॉड पुन्हा चिकटतो.

घरच्या शेडमधल्या वेल्डिंग मशीनची तक्रार बहुतेक वेळा मशीनबाहेरचीच असते. ती शोधायची तर मीटरपासून सुरुवात करावी आणि मशीनच्या डब्याला सगळ्यात शेवटी हात लावावा.

चंद्रपूरचं औष्णिक केंद्र २९२० मेगावॅटचं. इथून ठाणे जिल्ह्यातल्या पडघ्यापर्यंत ७५२ किलोमीटरची ५०० केव्हीची डीसी लाईन १९९९पासून वीज वाहून नेते. मुंबईकडचे दिवे त्यावर लागतात आणि जंगलातून गेलेल्या ११ केव्ही फीडरच्या टोकावरच्या गावात मात्र पंखा रांगतो. यात चमत्कार काही नाही. वीज जिल्ह्यात तयार होते म्हणून ती शेवटच्या खांबापर्यंत दमदार पोचते असं नाही. लाईन लांब, डीपीवर भार जास्त, त्यात रोवणीच्या दिवसांत सगळ्यांच्या मोटारी एकदम सुरू. २३० व्होल्टच्या जागी दोनशेच्या खाली मिळणं मग नवलाचं राहत नाही.

म्हणून पहिलं काम मल्टीमीटरचं, आणि तेही मशीन मोकळी असताना नव्हे. एकाने ठिणगी पाडायची, दुसऱ्याने मशीनच्या सॉकेटवर व्होल्टेज बघायचं. मोकळेपणी २१५ दाखवणारा काटा ठिणगी पडताच १७० वर उतरला, तर निम्मं निदान झालं. जुन्या ट्रान्सफॉर्मर मशीनमध्ये आत आलेलं व्होल्टेज ज्या प्रमाणात कमी, त्याच प्रमाणात बाहेर येणारंही कमी. पूर्ण दाबाला ७० व्होल्ट देणारी मशीन १७० वर साधारण ५२ देते. ठिणगी पेटायला आणि टिकायला ते अपुरं पडतं, आणि रॉड चिकटतो. इन्व्हर्टर मशीन थोडी चलाख असते. व्होल्टेज घसरलं की ती मीटरकडून जास्त करंट ओढून भरपाई करते, पण त्या जास्तीच्या करंटमुळे वायरमधलं व्होल्टेज आणखी घसरतं.

आणि वायर! घरापासून शेडपर्यंत चाळीस मीटर दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर ओढलेली आहे, मशीन वीस अँपिअर घेते आहे, असं धरू. जाणं-येणं मिळून ऐंशी मीटर होतात आणि सुमारे १८ व्होल्ट त्या वायरीतच उष्णता होऊन जातात. तीच वायर चार चौरस मिलिमीटरची घेतली तर हा तोटा सातवर येतो. ही वायर ड्रमवर गुंडाळलेली ठेवूनच वापरली तर आतल्या वेढ्यांना हवा लागत नाही आणि इन्सुलेशन वितळतं. सहा अँपिअरच्या सॉकेटमध्ये घुसवलेली पिन, तिची काळवंडलेली भोकं, एमसीबी सारखा पडतो म्हणून सोळाच्या जागी बसवलेला बत्तीसचा, या गोष्टी शेडमध्ये शिरताच दिसतात. बत्तीसचा एमसीबी बसवल्यावर फ्यूजचं काम वायर करते, म्हणजे ती आधी जळते.

आता बाहेर जाणारी बाजू. दहा नंबरचा, म्हणजे ३.१५ मिलिमीटरचा रॉड साधारण ९० ते १३० अँपिअरवर चालतो. एवढा करंट सैल लगमधून किंवा रंगावर लावलेल्या क्लॅम्पमधून जात नाही. थोडा वेळ काम करा, मशीन बंद करून पिन काढा आणि होल्डर, लग, क्लॅम्प, केबलचा जोड यांवरून हात फिरवा. जिथे चटका बसेल तिथे दोष. क्लॅम्पखालची जागा घासून लख्ख करा. केबल पुरत नाही म्हणून मध्ये सळई जोडायची सवय इकडे फार आहे, ती सोडा. पावसाळ्यात रॉडही तपासावा. दमट हवेत कोटिंग ओल धरतं, मग ठिणगी तडतडते आणि वेल्डवर बारीक भोकं पडतात. कोरडा रॉड लावून बघणं हा सगळ्यात स्वस्त प्रयोग आहे.

उन्हाळ्यातली तक्रार वेगळी. पिवळा दिवा लागून मशीन थांबते आणि लोक म्हणतात, सेन्सर बिघडला. मशीनवर ६० टक्के ड्यूटी सायकल लिहिलेली असते. त्याचा अर्थ दहा मिनिटांत सहा मिनिटं काम, तेही भोवतालचं तापमान ४० अंश धरून. मे महिन्यात चंद्रपूरचा पारा ४५च्या वर जातो, पत्र्याच्या शेडमध्ये त्याहून जास्त. मशीन थांबते ती स्वतःला वाचवायला. तिला सावलीत ठेवा, पंखा चालू राहू द्या. ग्राइंडर मात्र तिच्याजवळ चालवू नका, पंखा लोखंडाचा भुगा आत ओढतो आणि तो भुगा सर्किटवर बसून शॉर्ट करतो. घुग्गुस, बल्लारपूरकडे भरीला कोळशाची धूळ आहेच.

दोन फेजवर, म्हणजे ४१५ व्होल्टवर चालणारी तेलाची जुनी मशीन असेल तर आधी घड्याळ बघा. शेतीच्या फीडरवर थ्री फेज ठरलेल्या तासांनाच असतो. त्याबाहेर ‘मेलेली’ मशीन उघडून बसलेले मिस्त्री कमी नाहीत.

एवढं सगळं बघूनही दोष सापडला नाही, तरच स्क्रू काढायचे. आणि इथे आपल्याकडचा सगळ्यात धोकादायक समज आडवा येतो, की स्विच बंद म्हणजे वीज बंद. बोर्डात फेज आणि न्यूट्रल उलटे जोडलेले असतील तर स्विच न्यूट्रल तोडतो आणि फेज मशीनमध्ये तसाच राहतो. पिन सॉकेटमधून काढून डोळ्यांसमोर ठेवा. इन्व्हर्टर मशीनमध्ये त्यानंतरही धोका संपत नाही. आतल्या मोठ्या कपॅसिटरवर सुमारे ३२५ व्होल्ट डीसी साठलेले असतात आणि पिन काढल्यावरही काही वेळ टिकतात. दहा मिनिटं थांबा, मग मीटरने मोजा, उरलेला चार्ज शंभर वॅटच्या बल्बमधून उतरवा आणि पुन्हा मोजा. पेचकसने शॉर्ट करून ‘फाट’ असा आवाज काढणारे मेकॅनिक हुशार समजले जातात. त्यात कपॅसिटर जातो, कधी डोळाही. आत फुगलेला कपॅसिटर, निसटलेला पंख्याचा कनेक्टर, जळका वास, पालीची अंडी, एवढं ओळखता येतं. धूळ ब्लोअरने काढा. दुरुस्तीनंतर पहिल्यांदा सिरीज बोर्डवर, म्हणजे लाईन आणि मशीनच्या मध्ये बल्ब ठेवून, चालू करा. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर बरं, तसाच लखलखत राहिला तर आत शॉर्ट आहे. त्यापुढचं काम इलेक्ट्रॉनिक्सवाल्याचं.

मशीनच्या बॉडीला हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर काम त्या क्षणी थांबवायचं. लोक चप्पल घालून चालवत राहतात. कामाला लावतो तो क्लॅम्प म्हणजे बॉडीचं अर्थिंग नव्हे. ते तिसऱ्या पिनमधून जमिनीत जावं लागतं. तेही पुरतं का? मुरमाड जमिनीत ठोकलेल्या सळईचा रोध उन्हाळ्यात ५० ओहम झाला, तर बॉडीला फेज लागल्यावर जेमतेम ४.६ अँपिअर वाहतील. सोळाचा एमसीबी त्याला हलणारही नाही आणि बॉडी जिवंत राहील. यासाठी गळणारा करंट ओळखून वीज तोडणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी हवाच. पण तो होल्डरच्या बाजूला राखण करत नाही, कारण ती बाजू ट्रान्सफॉर्मरने मीटरच्या वायरीपासून वेगळी झालेली असते. ओल्या हातमोज्याने, चिखलात उभं राहून रॉड बदलताना लागणारे ६०-७० व्होल्ट आरसीसीबीला दिसतच नाहीत. तिथे कोरडी फळी, बूट आणि कोरडे हातमोजे एवढंच संरक्षण. न्यूट्रल तुटल्यावर ‘अर्थिंगवर लाईट’ चालवायची खोडही याच जातीची. त्या सळईजवळची ओली जमीन मग करंट धरते.

रानडुकरांसाठी धुऱ्यावर तार टाकून तिच्यात पंपाची लाईन सोडणारा शेतकरीही याच गैरसमजात असतो, की करंट आपल्याला हवा तिथेच थांबतो. २०१७च्या एप्रिलमध्ये नागभीडकडे ‘जय’ वाघाचा रेडिओ कॉलर लावलेला बछडा श्रीनिवास अशाच तारेवर गेला. अशा तारांवर माणसंही गेली आहेत. सौर कुंपणाची झटका मशीन वेगळी. ती क्षणार्धाचा ठोका देऊन थांबते, त्यामुळे प्राणी उडी मारून सुटतो. पंपाची लाईन सोडत नाही. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेत सौर कुंपणाला अनुदान मिळतं, ते मागावं.

कुणी चिकटलाच तर त्याला हात लावू नका. आधी पिन किंवा मेन स्विच, तो लांब असेल तर वाळलेलं लाकूड. गडचिरोलीत बांबू हाताशी असतो, पण हिरवा बांबू ओला असतो, तो करंट नेतो. सुटल्यावर श्वास नसेल तर छातीवर दाब सुरू ठेवायचा आणि १०८ ला फोन. हे घरातल्या २३० व्होल्टचं झालं. तुटलेल्या ११ केव्हीच्या तारेजवळ लाकूड घेऊनही जायचं नाही, १९१२ वर कळवायचं.

व्होल्टेजचीच तक्रार असेल तर तीही मोजूनच करावी. वेल्डिंग मशीनचा भार मंजूर करून घेतलेला असला तर वीज कंपनीच्या कार्यालयात तोंड उघडता येतं, नाहीतर पहिला प्रश्न तोच येतो. रोवणीच्या आठवड्यात संध्याकाळी सात वाजता, मीटरजवळ आणि शेडमध्ये असं दोन्हीकडचं मोजमाप तारखेसह लिहून न्या. मीटरजवळ २२० आणि शेडमध्ये १८० असेल, तर जनमित्राला बोलावण्याआधी चार चौरस मिलिमीटरची वायर आणा.