टायरची घाई नको!
जुनी फोर-व्हील पिकअप नव्याने उभी करून भटकंतीला निघणाऱ्यांसाठी

म्हैसूरला सहलीला गेलेल्या मराठी कुटुंबांचा कार्यक्रम बहुधा ठरलेला असतो. सकाळी राजवाडा, दुपारी चामुंडी टेकडी आणि संध्याकाळी वृंदावन बाग. बागेसाठी कृष्णराजसागर धरणाच्या रस्त्याला लागलं की वाटेत मेटगळ्ळी लागते. बसमधल्या मुलांना रंगीत कारंज्यांची घाई झालेली असते, मोठी माणसं दिवसभराच्या पायपिटीनं पेंगुळलेली असतात. त्यामुळे या औद्योगिक वसाहतीतला टायरचा मोठा कारखाना फारसा कुणाच्या लक्षात येत नाही. ट्रकवाल्यांना मात्र ‘विक्रांत’ हे नाव चांगलं ठाऊक आहे. ही विक्रांत टायर्स १९९७ मध्ये जेके टायरकडे आली आणि मेटगळ्ळीचं टायरशी असलेलं नातं पुढे चालू राहिलं.

टायरवरून आठवण होते ती एका वाढत्या हौसेची. चारही चाकांना ताकद मिळणारी जुनी पिकअप स्वस्तात घ्यायची, ती नव्यानं उभी करायची, मागच्या हौद्यात झोपायची-शिजवायची सोय करायची आणि बायकामुलांसह कोकण, कोडगू किंवा थेट लडाख गाठायचं. गाडी दारात आली की हौशी माणसाची पहिली धाव असते टायरच्या दुकानाकडे. जाड नक्षीचे, रुंद, उंच टायर बसवले की गाडी एकदम रुबाबदार दिसू लागते. शेजारी वळून पाहतात, मुलं खूष होतात. पण ज्यांनी अशा गाड्या खरोखर बांधल्या आहेत, ते टायरला यादीत सर्वांत शेवटची जागा देतात. का, ते समजून घेण्यासारखं आहे.

चौसष्ट वर्षांनी परतीची वाट

जुनी गाडी नीट बांधली तर ती किती साथ देते? १९५५ च्या सप्टेंबरमध्ये ऑक्सफर्ड आणि केंब्रिज विद्यापीठांतले सहा तरुण दोन लँड रोव्हर गाड्या घेऊन लंडनहून निघाले. वाटेत भारत ओलांडून १९५६ च्या मार्चमध्ये ते सिंगापूरला पोहोचले. त्यातली ‘ऑक्सफर्ड’ नावाची गाडी पुढे अटलांटिक महासागरातल्या सेंट हेलेना बेटावर जाऊन पडली. काही वर्षांपूर्वी ती इंग्लंडला परत आणून दुरुस्त करण्यात आली आणि २०१९ मध्ये तीच गाडी सिंगापूरहून लंडनपर्यंत रस्त्यानं चालवत नेली. पहिल्या प्रवासानंतर चौसष्ट वर्षांनी!

आपल्याकडेही असं घराणं आहे. महिंद्रनं चाळीसच्या दशकाच्या अखेरीस मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली. साठच्या दशकात एफसी-१५० ही चपट्या नाकाची छोटी मालगाडी आली. ऐंशीच्या दशकातल्या एमएम-५४० ला प्यूजो घराण्यातलं डिझेल इंजिन मिळालं आणि ते इगतपुरीला बनत असे. पुण्याहून टाटांची पिकअप १९८८ मध्ये रस्त्यावर आली. लष्करासाठी जबलपूरला निस्सानच्या परवान्यानं ‘जोंगा’ आणि तिचा थोरला भाऊ ‘वन टन’ बनत असे. लष्करानं लिलावात काढलेल्या यातल्या अनेक गाड्या आज हौशी मंडळींकडे आहेत.

निवड करताना सुटे भाग कुठे मिळतील, हा प्रश्न आधी विचारावा. म्हैसूरचंच उदाहरण घ्या. इथल्या आयडियल जावा कारखान्यात १९६१ पासून जावा आणि नंतर येझदी मोटारसायकली बनल्या. १९९६ मध्ये कारखाना बंद झाला, तरी या मोटारसायकली अजून धावतात, कारण त्यांना जपणारे मेस्त्री आणि मालक टिकून राहिले. जीपच्या वंशातल्या पिकअपला हाच फायदा मिळतो. तिचा लायनर, बेअरिंग किंवा पाटा तालुक्याच्या गावीही मिळू शकतो. दुर्मिळ परदेशी गाडीचा साधा रबरी बूश अडला तर ती महिनोन् महिने ताडपत्रीखाली बसते.

आधी कागद, मग पाना

सौदा ठरवण्यापूर्वी गाडीचं नोंदणीपुस्तक घेऊन चासीवर कोरलेला नंबर स्वतः ताडून पाहावा. गंज घासून, बॅटरी लावून, अक्षर न् अक्षर. इंजिनाचा नंबरही तसाच. नंबर जुळत नसेल तर कितीही स्वस्त मिळत असली तरी त्या गाडीच्या वाटेला जाऊ नये.

खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी तपासणी करून पाच-पाच वर्षांसाठी वाढवून घ्यावी लागते. पिकअप मालवाहू म्हणून नोंदलेली असेल तर तंदुरुस्तीचं प्रमाणपत्र, कर आणि विमा यांचे नियम वेगळे. शिवाय मालवाहू गाडीच्या हौद्यात माणसं बसवून नेता येत नाहीत. ‘मुलं मागे मजेत बसतील’ हा बेत तिथेच संपतो. परराज्यातली गाडी घेतली तर ना-हरकत दाखला आणि आपल्या राज्याचा कर यांचा हिशेब आधी मांडावा.

खरी मेख आहे ती बदलांची. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीनं दिलेल्या मूळ रचनेपेक्षा गाडी वेगळी करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही हेच स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं बेकायदा बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही, अशी तरतूद केली. इंजिन बदलायचं तर परिवहन कार्यालयाची परवानगी आधी घ्यावी लागते आणि बिल जपून ठेवावं लागतं. पुढे लावायच्या लोखंडी ‘बुल बार’लाही केंद्र सरकारनं २०१७ च्या अखेरीस मनाई केली. अपघातात पादचाऱ्याला तो जास्त इजा करतो आणि एअरबॅगच्या कामातही अडथळा आणू शकतो.

पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी २०२१ मध्ये ‘व्हिंटेज’ नोंदणीचे वेगळे नियम आले. पण त्या पाटीची गाडी प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती किंवा इंधन भरणं अशा कामांपुरतीच रस्त्यावर आणता येते. तिच्यातून सहकुटुंब लडाखला जाण्याचा विचार सोडून द्यावा. थोडक्यात, गाडी मूळ रूपात उत्तम करणं हाच कायद्याला आणि खिशालाही मानवणारा मार्ग.

सांगाडा, ब्रेक आणि मग इंजिन

कामाची सुरुवात गाडी उघडी करण्यापासून होते. वरची बॉडी उतरवली की चासीचं खरं रूप दिसतं. पाट्यांच्या खुंट्यांजवळ, स्टिअरिंगच्या पेटीजवळ आणि आडव्या पट्ट्यांच्या सांध्यांत तडे शोधायचे. रंगाखाली पुट्टी आणि पुट्टीखाली गंज, ही जुन्या गाडीची नेहमीची कहाणी. टोकदार हातोडीनं ठोकून पाहिलं की निरोगी लोखंड खणखणतं, सडलेलं बद्द आवाज करतं. सडलेला भाग कापून जाडीला जाडी जुळणारा पत्रा जोडायचा, मग रेड ऑक्साईड आणि रंग. वरून नुसता रंग मारणं म्हणजे गंजावर पांघरूण घालणं.

त्यानंतर ब्रेक आणि स्टिअरिंग. जुन्या जीपना चारही चाकांवर ड्रम ब्रेक असत आणि अनेकांत ब्रेकच्या तेलाची एकच वाट असे. एक नळी फुटली की चारही ब्रेक गेले. म्हणून नळ्या, रबरी होज, मास्टर सिलिंडर आणि लायनर नवेच घालावेत. इथे ‘अजून थोडं चालेल’ म्हणणारा मेस्त्री आपला नव्हे. स्टिअरिंगचा प्ले, टाय रॉडचे सांधे आणि किंगपिन यांचंही तसंच. घाटातल्या वळणावर या वस्तूंवर घरातल्या सगळ्यांचा जीव टांगलेला असतो.

इंजिनाचा नंबर त्यानंतरचा. क्रँक घासणं, नवे लायनर, पिस्टन आणि रिंगा ही कामं कोल्हापूरच्या उद्यमनगरापासून कुर्ल्याच्या सीएसटी रोडपर्यंत अनेक ठिकाणी परंपरेनं होत आली आहेत. लडाखचं स्वप्न असेल तर इथे कसूर नको. खारदुंगलाच्या उंचीवर हवेचा दाब समुद्रकाठच्या जेमतेम निम्मा असतो. टर्बो नसलेलं जुनं डिझेल इंजिन तिथे धापा टाकतं आणि काळा धूर ओकतं. आधीच झिजलेलं असेल तर ते चढावर मानच टाकतं.

मग फोर-व्हीलची यंत्रणा. गिअरबॉक्सच्या मागे असलेली ट्रान्स्फर केस ही पेटी इंजिनाची ताकद पुढच्या आणि मागच्या चाकांत वाटून देते. जुन्या जीपमध्ये गिअरच्या दांड्याशेजारी तिचे आणखी दोन छोटे दांडे असत. एक पुढची चाकं जोडायला, दुसरा ‘लो’ म्हणजे हळू पण जोरकस गती घ्यायला. इथे एक चूक नवखे हमखास करतात. कोरड्या डांबरी रस्त्यावरही ते पुढची चाकं जोडून ठेवतात. वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात. चिखलात किंवा वाळूत चाक थोडं घसरून हा फरक भरून काढतं, डांबरावर ते घसरत नाही. मग सगळा पीळ गिअर आणि दांड्यांवर येतो आणि महागडी पेटी मोडते. फोर-व्हील ही चिखलापुरती वस्तू आहे.

तराजू घेऊन बसा

यंत्र तयार झालं की घरातल्या मंडळींनी कागद-पेन्सिल घेऊन बसावं. नोंदणीपुस्तकात गाडीचं रिकामं वजन आणि भरलेलं कमाल वजन लिहिलेलं असतं. दोन्हीतला फरक म्हणजे आपली मुभा. समजा, ती ७०० किलो आहे. चार माणसं २५० किलो. साठ लिटर पाणी म्हणजे ६० किलो. वीस लिटर जादा डिझेल १७ किलो. छतावरचा तंबू आणि कॅरियर ९०. प्लायवूडचा पलंग आणि खण १००. दुसरी बॅटरी २५. शेगडी, भांडी, शिधा ५०. हत्यारं आणि सुटे भाग ६०. कपडे आणि अंथरूण-पांघरूण ६०. बेरीज झाली ७१२ किलो. अजून एकाही दगडी घाटात चाक पडलेलं नाही आणि मर्यादा संपली!

म्हणून छतावर कमीत कमी, जड सामान खाली आणि दोन्ही आसांच्या मधोमध. छतावरचा भार गाडीला आडव्या उतारावर कलंडवतो. पत्र्याच्या पेटीऐवजी प्लास्टिकचा डबा, पलंगाऐवजी जाड सतरंजी असा हिशेब घरातल्या गृहिणीला अधिक चांगला जमतो. महिनाभराचं सामान लहानशा स्वयंपाकघरात बसवण्याची सवय इथे कामी येते.

आता टायर

आता खुशाल दुकानात जावं, पण माप कंपनीनं मान्य केलेलंच घ्यावं. २८ इंची चाकाच्या जागी ३१ इंची बसवलं तर काटा ६० दाखवत असताना गाडी प्रत्यक्षात ६६ नं धावत असते. गिअर ओढ कमी देतात, तेच ब्रेक मोठं चाक थांबवताना कमी पडतात. चाक मडगार्डला घासतं आणि तंदुरुस्तीच्या तपासणीत अडचण येते, ते वेगळंच. चारही टायर एकाच मापाचे आणि सारख्या झिजेचे हवेत, नाहीतर फोर-व्हील जोडल्यावर तोच पीळ पुन्हा येतो. टायरच्या कडेवर चार आकडे असतात. ‘३१२२’ म्हणजे २०२२ सालचा ३१ वा आठवडा. दुकानात कित्येक वर्षं पडून राहिलेला टायर नक्षी शाबूत असली तरी घेऊ नये. स्टेपनीही त्याच मापाची घ्यावी, ती नेमकी आडरानात आठवते.

पहिली सहल लांबची नसावी. एका रात्रीची, घरापासून पन्नास-साठ किलोमीटरवरची पुरे. कुठे तेल गळतं, कुठला नट सैल होतो, मुलांना झोप लागते की नाही, हे तिथे कळतं. वाहत्या पाण्यात गाडी घालण्याचा मोह टाळावा. जंगलातल्या वाटांना वन खात्याची परवानगी लागते. म्हैसूरहून केरळ किंवा उटीकडे निघाल्यास बंडीपूरच्या जंगलातला रस्ता २००९ पासून रात्री ९ ते सकाळी ६ या वेळेत सर्वसाधारण वाहनांना बंद असतो, हेही ध्यानात ठेवावं. तो हत्तींचा रस्ता आहे आणि हत्तीपुढे कुठलीच फोर-व्हील चालत नाही.

अशा कामात पैसा ठरवल्यापेक्षा जास्त लागतो आणि वेळ त्याहून जास्त. म्हणून खर्चाचा आकडा घरात आधीच उघड बोललेला बरा. अर्धवट उघडलेली गाडी अंगणात वर्षानुवर्षं पडून राहिली की ती रोज घरातल्या भांडणाचं निमित्त होते. तीच कामं मुलांना सोबत घेऊन एकेक पूर्ण केली तर मुलगीही पाना धरायला शिकते आणि ब्रेक का लागतो हे मुलाला कळतं. मग एखाद्या सुट्टीत हे कुटुंब आपल्या गाडीतून मेटगळ्ळीवरून वृंदावनाकडे निघेल, तेव्हा मागच्या सीटवरून कुणीतरी टायरच्या कारखान्याकडे बोट दाखवेल. ‘बाबा, आपले टायर इथलेच का?’ त्या प्रश्नाआधी ब्रेकची नळी नवी घातलेली असली की झालं.